मामांचा विष्णू आणि आमचा कूलर

यवतमाळात आमच्या मामांच्या घरी सकाळचा पहिला चहा होण्याआधी एक तपासणी होते. मामा कपाळाला पट्ट्याची बॅटरी बांधतात, हातात भिंग घेतात आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासमोर मांडी घालून बसतात. कपाटात काशाच्या आणि पितळेच्या जुन्या मूर्ती, समया, घंटा, गोंडी ओतकामाचे घोडेस्वार असा भरलेला संसार आहे. त्यातल्या एकेकाची पाठ, काख, गुडघा, कान बघून होतो. "काल रात्री नंदीच्या मानेखाली हा ठिपका नव्हता," असं मामा खालच्या आवाजात म्हणाले की घर चिडीचूप होतं. मामींचा गुडघा गेली कित्येक वर्षं दुखतो आहे. पण तो काशाचा नसल्यामुळे भिंग अद्याप तिकडे वळलेलं नाही.

मी मामांचा भाचा. मराठी घेऊन एम. ए. झालो, म्हणून या कारभारातलं रसायनशास्त्र खातं माझ्याकडे आहे. मामांचं म्हणणं असं की, ज्याला थोडं शास्त्र येतं तो डोकं चालवतो. ज्याला काहीच येत नाही तो सांगितलेलं आणतो. त्यांच्या या विश्वासाला मी आजवर तडा जाऊ दिलेला नाही.

मामा सरकारी नोकरीत होते. दौऱ्यांच्या निमित्ताने पुसद, उमरखेड, वणी, केळापूर असा सगळा जिल्हा त्यांनी जीपने पालथा घातला. बाकीचे साहेब दौऱ्यावरून तुरीची डाळ आणि गावरान कोंबडी घेऊन परतत. मामा परतत ते कान तुटलेली घंटा घेऊन. लोकांनी स्टीलचे डबे घेण्यासाठी आजीची समई आणि आजोबांचे देव मोडीत घालावेत आणि ते भट्टीत जाण्याआधी मामांनी किलोच्या भावाने सोडवून आणावेत, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. पुण्याचे दिनकर केळकर हे त्यांचे आराध्यदैवत. केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं गोळा करून करून घर भरलं, लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं केलं आणि ते सगळं भांडार पुढे सरकारला देऊन टाकलं. शिवाय 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिल्या. मामांनी यातलं फक्त घर भरणं घेतलं. कवितेच्या वाटेला ते गेले नाहीत, ही आम्हा नातेवाइकांवर देवाची कृपा.

मोडीच्या दुकानात कालनिर्णयाची अडचण कधीच नसते.

"किती जुनी आहे?" मामा विचारायचे.

"पांडवकालीन हाय, साहेब."

"आणि ही?"

"हे पांडवाच्याही आधीची. थोडी महाग पडन."

आमच्या विदर्भात दगडाचं जे जुनं दिसतं ते हेमाडपंती आणि धातूचं जे जुनं दिसतं ते पांडवकालीन, अशी सुटसुटीत वाटणी आहे. मूर्ती नवी असली तरी बिघडत नाही. मीठ आणि नवसागर चोळून पावसाळाभर उकिरड्यात पुरली की दिवाळीपर्यंत तिचं वय दीड हजार वर्षांनी वाढतं. अशीच एक 'गुप्तकालीन' तारा मामांनी आणली होती. घरी आणून उलटी केली तर तळाशी किमतीच्या स्टिकरचा डिंक निघाला. मामांनी ती देवी कपाटात मागच्या रांगेत ठेवली, आणि मामी पाहुण्यांना आवर्जून तीच दाखवू लागल्या. कारण सगळ्यांत जास्त चकाकणारी तीच होती.

पण संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे वीतभर उंचीचा काशाचा विष्णू. तो खरोखरच जुना आहे, हे जाणकारांनी पाहून सांगितलं. आणि तिथूनच आमच्या घराला घरघर लागली.

आधी कायदा आला. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा. लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती घरात असली तर तिची नोंदणी करावी लागते. ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मामेबहिणीने देवघरासाठी "एक छोटासा बालकृष्ण तरी द्या ना बाबा" म्हणून हट्ट धरला होता, तिला शेवटी काळा मसाला देऊन परत पाठवलं. त्याहून जुना कायदा म्हणजे १८७८ चा गुप्तधनाचा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. १८७८ साली दहा रुपयांत बरंच काही येत असेल. आज यवतमाळच्या बसस्टँडवर एक चहा येतो.

नोंदणीला मूर्तीचे फोटो लागतात. एरवी लग्नांचे फोटो काढणारा एक होतकरू तरुण बोलावला. त्याने विष्णूला तीन बाजूंनी उजेड दिला, "थोडी मान तिरपी करता येईल का?" असंही सवयीने विचारलं. आठवड्याने फोटो आले. त्यात विष्णू लख्ख सोनेरी, गालांवर किंचित लाली आणि मागे स्वित्झर्लंडचे डोंगर.

"अरे, हिरवा रंग कुठे गेला?" मामा किंचाळले.

"काढला ना, काका. लय डाग होते. फेअर केला थोडा. त्याचे एक्स्ट्रा पैसे नाही घेतले."

कोणत्या संग्राहकाला शतकांचं वार्धक्य असं फुकटात पुसून मिळालं असेल? मामांनी मात्र दुसरा फोटोग्राफर गाठला. तो पासपोर्ट फोटोवाला होता. त्याने निळा पडदा लावला आणि दोन्ही कान दिसलेच पाहिजेत असा आग्रह धरला. विष्णूच्या कानांत कुंडलं होती. ती काढायला सांगितली नाहीत, हे नशीब.

हे सगळं निभावलं आणि पावसाळ्यात विष्णूच्या डाव्या काखेत हिरवा ठिपका निघाला. विष्णू मुळातच हिरवा, तेव्हा हिरव्यावर हिरवं ओळखणं सोपं नव्हतं. त्यातली मेख मामांनी आम्हाला समजावून सांगितली. जुन्या काशावर गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला जो हिरवा किंवा तपकिरी थर असतो, ते त्याचं कवच. ते शतकांच्या मेहनतीने तयार होतं आणि आतल्या धातूला सांभाळतं. दुसरा हिरवा फिकट, पोपटी, भुसभुशीत. टोकरला की भुकटी गळते आणि खाली खड्डा दिसतो. हा आजार. ग्रंथांत त्याला कांस्यरोग म्हणतात.

मामांनी 'रोग' हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारला, तिथे सगळं बिनसलं. भांडी घासणाऱ्या बाईंनी दिवाणखान्यात झाडू मारणं त्या दिवसापासून बंद केलं.

"मले नाही लागन का थो रोग? घरी लहान लेकरं हायेत माही."

"अहो, तो माणसांना होत नाही."

"मंग देवाले कसा झाला?"

याचं उत्तर मामांना सुचलं नाही. त्यात भर म्हणून त्यांनी विष्णूला इतर मूर्तींपासून वेगळं काढून पाहुण्यांच्या खोलीत हलवलं. रोगट मूर्ती वेगळी ठेवावी, हा नियमच आहे. पण त्यामुळे पाहुणे दिवाणखान्यात सतरंजीवर आणि विष्णू आत पलंगावर अशी व्यवस्था झाली. गल्लीत बातमी गेली की मामांकडे कोणीतरी आजारी आहे, पण कोण ते सांगत नाहीत. दोन घरांतून मऊ खिचडीचे डबे आले.

रोगाचं मूळ क्षारात आहे. जमिनीत पडून असताना म्हणा, घामट हातांनी म्हणा, मिठातलं क्लोराइड धातूत शिरतं आणि छिद्रात दबा धरून बसतं. हवेत दमटपणा आला की त्याचं आम्ल होतं, आम्ल तांब्याला खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं आणि ते पुन्हा ओलाव्याची वाट बघत बसतं. भावाभावांतल्या वाटणीच्या दाव्यासारखं हे आहे. एक निकाल लागला की त्यातूनच पुढच्या अपिलाचा खर्च निघतो आणि मधल्या मध्ये वावर संपतं.

आता औषधोपचार. या बाबतीत आपला समाज अतिशय उदार आहे. विचारण्याआधी सल्ला देणारी माणसं यवतमाळात दर घराआड एक या प्रमाणात आहेत.

पहिला मान मामींचा. "मी मेली केव्हाची सांगून राहिली, चिंच लावा. दिवाळीला देव उजळतात तसा अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा, रांगोळीने घासा, लख्ख होईल. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय म्हणावं? या घरच्या बाईला देव घासता येत नाही?"

मामा कपाळाला हात लावून बसले. कारण विष्णूचं नाक याच प्रेमाने गेलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या रोजचं पंचामृत, सणाला चिंच, वर रांगोळीचा किंवा राखेचा हात. नाक, ओठ, गळ्यातली माळ सगळं झिजून सपाट. पलीकडच्या बंगल्यातले एक गृहस्थ ते नाक परचक्रात गेल्याचं ठासून सांगतात. ते सासवा-सुनांनी मिळून भक्तिभावाने घासून नेलेलं आहे, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नाही.

मग एक निवृत्त गुरुजी आले. "ओलाव्याचा त्रास ना? सोपं आहे. कपाटात चारी कोपऱ्यांत खडेमीठ ठेवा." ज्या मिठाने हा आजार होतो तेच मीठ उशाशी ठेवायचं! मामांनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्याले. कल्हईवाला म्हणाला, नवसागर मारून चकाचक करून देतो. नवसागरही क्लोराइडच. रंगकाम करणारा ठेकेदार म्हणाला, "सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात मारून टाकू, साहेब. पाच वर्षं पाहायचं काम नाही." पुण्यात आयटीत असलेल्या दुसऱ्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर गाडीचं पॉलिश सुचवलं. मामींच्या भिशीतल्या एका बाईंनी काशाच्या वाटीने तळपाय चोळले की उष्णता उतरते हे सांगितलं. त्यात विष्णूने काय करायचं ते सांगितलं नाही, पण सल्ला दिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मामांनी सगळ्यांना नकार दिला आणि ग्रंथ उघडले. ग्रंथ उघडलेला मामा हा कल्हईवाल्यापेक्षा धोक्याचा, हे आम्हाला नंतर कळलं.

एका जुन्या पुस्तकात उपाय होता. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून मूर्ती त्यात बुडवून ठेवायची, दर आठवड्याला पाणी बदलायचं आणि हे महिनोन्‌महिने चालवायचं. वाचायला छान आहे. पण तो २०१८ चा उन्हाळा होता. निळोणा आणि चापडोह ही धरणं तळ दाखवत होती आणि अख्खं यवतमाळ शहर टँकरमागे बादल्या घेऊन धावत होतं. माणसांच्या आंघोळीची मारामार, आणि मामांना विष्णूच्या आंघोळीला शुद्ध पाणी हवं होतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते पाणी ऊर्ध्वपातित असतं, हा शोध मी लावला. रसायनशास्त्र खात्याची ही आजवरची एकमेव कामगिरी. मी कॅनमागून कॅन आणू लागलो. बॅटरीवाला काळजीत पडला.

"किती बॅटऱ्या आहेत तुमच्याकडे?"

"बॅटरी नाही. विष्णूला आंघोळ घालतो."

त्याने पैसे परत केले नाहीत, पण त्यानंतर हिशेब करताना तो माझ्याशी हळू आणि सोप्या शब्दांत बोलू लागला. इकडे घरात खाण्याच्या सोड्याचा डबा मामींनी भजी फुगवायला नेला आणि धुण्याचा सोडा त्याच डब्यात परत भरला. त्या दिवशीची भजी कोणीच दुसऱ्यांदा मागितली नाहीत.

पुढच्या ग्रंथात पुढचं औषध निघालं. बेन्झोट्रायझोल नावाची पावडर स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की तांब्यावर एक अदृश्य थर बसतो आणि रोगाची वाढ थांबते. पावडर आणि स्पिरिट दोन्ही नागपूरला मिळणार. नागपूरहून यवतमाळला येणारा रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो. वर्धा म्हणजे गांधीजींचा जिल्हा आणि तिथे दारूबंदी. मामांच्या मित्राची गाडी, मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर स्पिरिटचा कॅन. नाक्यावर हवालदाराने काच खाली करायला लावली.

"काय हाय यात?"

"स्पिरिट."

"कायसाठी?"

"देवासाठी," मामांनी मान ताठ ठेवून सांगितलं.

"वर्ध्यात देवालेही सूट नाही, काका."

मामांनी दुकानाची पावती काढली, विष्णूचा निळ्या पडद्यावरचा फोटो काढला आणि काखेतला ठिपका दाखवला. हवालदार भला माणूस होता. त्याने फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाला, "आमच्या घरचेही देव असेच काळे पडते जी. आम्ही चिंच लावतो." हे त्याने बोलायला नको होतं. मामांनी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला कांस्य म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, इथपासून सुरुवात केली. मागे ट्रकांची रांग लागली. शेवटी त्या हवालदारानेच हात जोडले, "जा बापा तुम्ही. घेऊन जा तुमचं स्पिरिट."

तिसऱ्या ग्रंथाने अ‍ॅसिटोन सांगितलं. यवतमाळात ते कुठे मिळणार? मामींच्या सुनेने सांगितलं की नेलपॉलिश काढायच्या बाटलीत ते असतं. मामा त्याच संध्याकाळी बांगड्यांच्या दुकानात गेले आणि होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या घेऊन आले. पासष्टी ओलांडलेला माणूस गुलाबी बाटल्यांनी भरलेली पिशवी घेऊन मेन लाइनच्या भर बाजारातून चालत आला, याची चर्चा विष्णूच्या रोगापेक्षा जास्त दिवस पुरली.

सुदैवाने बाटल्या उघडण्याआधी ओळखीओळखीतून एका संवर्धक बाईंचा फोन नंबर मिळाला. त्यांचं आयुष्य संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत गेलेलं. मामांनी फोन स्पीकरवर ठेवला, आम्ही सगळे भोवती बसलो.

"चिंच लावलीय का?" बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"नाही," मामा म्हणाले. मामींनी खिडकीबाहेर पाहिलं. "बहुतेक नाही."

"सोड्यात ठेवली?"

"ते पुस्तकात होतं."

"जुन्या पुस्तकात. त्याने वरचा चांगला थरही बदलतो. बेन्झोट्रायझोल?"

"आणलंय. नागपूरहून."

"घरात उघडू नका. ते अंगाला चांगलं नाही. आता एक काम करा. काही करू नका."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"काहीच नाही. कोरडी ठेवा, उघड्या हाताने शिवू नका, फोटो काढून ठेवा आणि लक्ष ठेवा. पसरलंच तर प्रयोगशाळेत दाखवा. लखनौला यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, १९७६ पासून."

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी निवृत्त माणूस. काहीच न करणं मला कसं झेपेल?"

त्यांचं बरोबर होतं. काही न करण्याइतकं काम आमच्या घरात आजवर कोणी केलेलं नाही. आधी आर्द्रतामापक आला. रोगट काशाला हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत हवी. मामा तासातासाला आकडा मोठ्याने सांगू लागले. "अठ्ठावन्न!" ते ओरडले की पाहुणे विचारत, "किती विकेट?" मग सिलिका जेल आलं. बुटांच्या नि पर्सच्या खोक्यांत 'खाऊ नये' असं लिहिलेल्या ज्या पुड्या असतात, त्या नातेवाइकांकडून गोळा करायची मोहीम निघाली. कोणी नवे बूट घालून आलं की मामा आधी पुडीची चौकशी करत, मग प्रकृतीची. ओलावा पिऊन दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करायचे. त्यासाठी मामींचा तवा मागितला, तेव्हा मात्र घरात पहिल्यांदाच पुरातत्त्वाला स्पष्ट शब्दांत नकार मिळाला. मामांनी वेगळा तवा आणला आणि त्यावर रंगाने 'संग्रहालय' असं लिहिलं.

खरा संघर्ष पेटला तो पुढच्या उन्हाळ्यात. यवतमाळचा मे महिना म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश आणि हवेत ओलावा नावालाही नाही. काशाच्या मूर्तीला याहून मानवणारी हवा मिळायची नाही. मोठी संग्रहालयं लाखो रुपये खर्चून यंत्राने जी कोरडी हवा तयार करतात ती आपल्याकडे ऊन फुकट देतं. पण त्या हवेत माणूस कसा राहणार? म्हणून अक्षय्य तृतीयेच्या आत विदर्भातल्या घराघरात खिडकीला कूलर बसतो, नव्या ताट्या लागतात, टाकीत पाइप सुटतो आणि ओलाचिंब गारवा खोलीत येतो. मामांनी कूलर लावल्यावर आर्द्रतामापक पाहिला. आकडा पंचवीसवरून पासष्टवर गेला. त्यांनी उठून कूलर बंद केला.

"एक तर विष्णू राहील, नाही तर कूलर," त्यांनी जाहीर केलं.

मामी पदराने वारा घेत उभ्या राहिल्या. "तो विष्णू क्षीरसागरात झोपतो म्हणे. आणि याला कूलरची हवा सोसत नाही?"

या युक्तिवादापुढे रसायनशास्त्र खातं निरुत्तर झालं. दोन रात्री सगळं घर गच्चीवर झोपलं. मामाही. खाली कोरड्या हवेत विष्णू एकटा. तिसऱ्या दिवशी सुनेने माहेरी जाण्याची तारीख अलीकडे आणली, तेव्हा मामांनी पुन्हा संवर्धक बाईंना फोन लावला.

"अहो, मग खोली कशाला कोरडी करता?" बाई म्हणाल्या. "हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल, त्यावर मूर्ती. झाकण लावा. झालं."

मामी उठल्या, फळीवरून लाडवांचा डबा काढला, पुसला आणि मामांसमोर ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. कूलर सुरू झाला.

आता विष्णू डब्यात असतो आणि प्रकृती स्थिर आहे. पण लोक स्थिर नाहीत. घरात जुनं काही आहे म्हटलं की प्रत्येकाला ते हातात हवं असतं. "हात लावू नका" असं सांगितलं की आधी टिचकी मारून बघतात. "भरीव आहे का हो?" मग वजन करतात. "किलोभर असेल?" मग आवाज खाली आणून, "आत सोनं बिनं?" कोणी पाया पडताना कुंकू लावतं. बाभुळगाव तालुक्यात पाचखेडला नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातली वस्ती उजेडात आली, तेव्हा तर दोन तरुण तांदळाची पुडी घेऊनच आले. जुनं तांबं तांदूळ ओढून घेतं आणि असं भांडं परदेशी कंपन्या कोटींना घेतात, असं त्यांना कोणीतरी पटवलं होतं. त्यांनी मामांच्या सगळ्या घंटांजवळ तांदूळ धरून पाहिले. एक दाणाही हलला नाही. "खोटा माल हाय," असा शेरा मारून ते गेले. सांडलेले तांदूळ मामींनी गोळा केले. कोटींची उलाढाल तिथेच आटोपली.

मामा मात्र अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला दायमाबादची गोष्ट सांगतात. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला गेंडा, हत्ती, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार ओतीव शिल्पं सापडली. वजन साठ किलोंहून जास्त. धातूत आर्सेनिकचं प्रमाण बरंच निघाल्यामुळे विद्वान त्यांच्या वयावरून अजून भांडतात. पुष्कळांच्या मते ती चार हजार वर्षांच्या आसपासची आहेत. आज ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या ठेव्यात आहेत. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन मूर्ती निघाली, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. या सगळ्यांना इतकी शतकं कोणी चिंच लावली नाही, कोणी टिचकी मारली नाही, कोणाच्या भाच्याने गाडीचं पॉलिश सुचवलं नाही. गंजण्याच्या आधी काशाला माणसाच्या कौतुकापासून वाचवावं लागतं, हा मामांच्या सगळ्या खटाटोपाचा निष्कर्ष आहे आणि तो मला पटलेला आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी आजीच्या पेटीत काशाची एखादी जुनी मूर्ती असेल तर ती मोडीत घालू नका आणि घासूही नका. हात कोरडे करून, जमलं तर हातमोजे घालून उचला, मऊ कुंचल्याने धूळ झटका, कोरड्या डब्यात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी असेल तर नोंदणी करा. पोपटी भुकटी दिसली तर शेजाऱ्याला विचारू नका, जाणकाराला विचारा. चिंच आमटीत घाला आणि लिंबू सरबतात पिळा. एवढं करूनही हात शिवशिवत असतील, तर मोरीत पडलेली कढई घासा. तिच्यावरचा थर कितीही पुरातन असला, तरी पुरातत्त्व खात्याची त्याला हरकत नाही.